एकच गिअर, पण कोणता?

किल्लारीत सायकल का लागते, याचं उत्तर गावाच्या नकाशातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली किल्लारीसह ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. जुनं गाव दाटीवाटीचं. शाळा, पार, दुकान, भावकी सगळं हाकेच्या अंतरावर. नव्या गावात सरळ आखलेले रुंद रस्ते आले, जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं आली, घराभोवती मोकळी जागा आली. गाव ऐसपैस झालं आणि लांबही झालं. शेत मात्र होतं तिथेच राहिलं. त्यामुळे दळण, शाळा, बसथांबा, रान असं काहीही म्हटलं तरी किलोमीटर-दोन किलोमीटर सहज पडतात. एवढ्यासाठी दर वेळी मोटारसायकलला किक मारायची, तीही पेट्रोलने शंभरी ओलांडल्यावर, हे तुम्हाला पटत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

पटत नसेल तर सायकल घ्या, आणि बिनगिअरची घ्या. दुकानात गेलं की २१ गिअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क अशी झगमग आठ-दहा हजारांत दाखवतात. त्या पैशांत हे सगळं चांगलं मिळूच शकत नाही. कुठेतरी काटछाट केलेली असते, आणि ती नेमकी न दिसणाऱ्या जागी असते: चाकाच्या हबमध्ये, बॉटमच्या कप-छऱ्यांमध्ये, रिमच्या पत्र्यात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो मामला आहे.

आपल्याकडे गिअरचा खरा वैरी मात्र किंमत नाही, काळी माती आहे. पाऊस पडून गेल्यावर पाणंद रस्त्याने शंभर पावलं सायकल चालवून बघा. आधी टायरवर मातीचा पातळ थर चढतो. मग त्याला सोयाबीनचं काड, उसाचं पाचट चिकटतं. चाक फिरेल तसा थर वाढत जातो आणि फोर्कच्या वरच्या खाचेत गच्च बसतो. मागच्या चाकाशी जमिनीपासून वीतभर उंचीवर लटकणारा, गिअर बदलणारा डिरेलर असेल तर त्याच्या दोन छोट्या चक्र्यांत हाच लगदा शिरतो. जोर लावला की पत्रा वाकतो आणि कधीकधी स्पोकमध्येच जातो. बिनगिअरच्या सायकलला तिथे काही नाहीच. चेन, पुढचं चक्र, मागचं फ्रीव्हील. काडीने माती खरवडली की गाडी पुन्हा चालू.

शेताच्या वाटेवर एकाच गिअरची सायकल म्हणजे गरिबाची तडजोड, असं कुणी म्हणालं तर त्याला कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगा. १९७६ मध्ये तिथल्या माउंट टॅमलपाइसजवळ 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली. त्या पोरांच्या सायकली जुन्या, जाडजूड टायरच्या, बहुतेक एकाच गिअरच्या होत्या. उतारावर मागचा कोस्टर ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. आज शोरूममध्ये जिला माउंटन बाइक म्हणतात तिचा जन्म अशाच सायकलींमधून झाला.

आता मुद्द्याचं. गिअर एकच असेल तर तो कोणता, हाच सगळ्यात मोठा निर्णय आहे. आणि तो आपल्याकडे कुणी घेतच नाही. कंपनीने बसवलं तेच गोड मानून घेतो. पुढच्या चक्राचे दाते मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे मोजा. पुष्कळ सायकलींना पुढे ४४ आणि मागे १८ असतात. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २८ इंची चाकाच्या काळ्या सायकलवर एका फेऱ्यात साधारण ५.४६ मीटर अंतर जातं, २६ इंचीवर ५.०७ मीटर. सपाट डांबरी रस्त्याला हे ठीक आहे. पण ढेकळांतून, वाळूतून, वाऱ्याच्या तोंडाला, मागे चाऱ्याचा भारा बांधून जायचं असेल तर हाच गिअर गुडघ्यावर येतो.

उपाय स्वस्त आहे. मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २० किंवा २२ दात्यांचं लावा. २६ इंची चाकावर ४४ ला २० असेल तर एका फेऱ्यात ४.५६ मीटर, २२ असेल तर ४.१५. मिनिटाला ६० फेरे या आरामशीर गतीने ४४-२० वर ताशी १६ किलोमीटरच्या आसपास वेग पडतो. पाच किलोमीटरची शाळा अठरा-वीस मिनिटांत. वेग थोडा गेला, पण चढावर उतरून ढकलायची वेळ कमी आली. रोजचा रस्ता आणि रानातली वाट दोन्ही करायचं असेल तर मी डोळे झाकून ४४-२० सांगेन. निम्म्याहून जास्त चालवणं रानातच असेल तर २२. फक्त डांबरी, तेही पोराच्या तरण्या पायांनी, तर १८ असू द्या.

फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं. ते काढायला त्याच्या खाचेत बसणारी खास डबी आणि लांब पान्हा लागतो. हे काम घरी हातोडी-छिन्नीने करू नका, मेस्त्रीकडेच करा. नवं फ्रीव्हील साधारण दीड-दोनशे रुपयांत येतं. दोन दाते वाढले की चाक फ्रेमच्या खाचेत पाव इंच पुढे सरकवावं लागतं. चार वाढले की अर्धा इंच. खाच आडवी आणि पुरेशी लांब असेल तर चेन तीच चालते, नाहीतर कडी जोडावी लागते. नवी सायकल घेतानाच दुकानदाराला सांगितलंत तर तो बहुतेक वेळा बदलून देतो, जुनं फ्रीव्हील ठेवून घेतो आणि वरचा फरक मागतो. द्या.

दात्यांचा हिशेब नकोसा वाटत असेल तर खडू आणि टेप घ्या. जमिनीवर खूण करा, पायडल खुणेच्या वर ठेवून सायकल सरळ मागे ढकला, पायडल पुन्हा त्याच जागी आलं की दुसरी खूण करा, मधलं अंतर मोजा. साडेचार मीटरच्या आसपास असेल तर ती सायकल शेताची वाट धरेल. सव्वापाचच्या वर असेल तर ती सडकेची.

दुसरा निर्णय चाक आणि टायरचा. बाजारात आपल्या कामाच्या ढोबळ दोन जाती आहेत. एक, पिढ्यान्‌पिढ्यांची काळी सायकल: २८ इंची चाक, दीड इंची टायर, रॉड ब्रेक, भक्कम कॅरियर, दुहेरी स्टँड. नवी घेतली तर साधारण साडेपाच ते साडेसात हजार. वजन वीस किलोच्या पुढे, पण तिची लांबी आणि पोलाद खड्ड्याचा हिसका खाऊन टाकतात. दुधाचे कॅन, पेंड, दळण, डबलसीट बायको-पोर, सगळं तिने सोसलंय. जगात इतरत्रही ओझ्याचा प्रश्न आला की उत्तर असंच निघतं: वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था आफ्रिकेत 'बफेलो' नावाची जी सायकल देते ती पोलादी, जड, शंभर किलो ओझं वाहील अशा कॅरियरची आहे, आणि तिचं मूळ मॉडेल बिनगिअरचंच. काळ्या सायकलची खोड दोन ठिकाणी. पावसात रॉड ब्रेक गुळगुळीत लोखंडी रिमवर घसरतो, आणि दीड इंची टायर मऊ मातीत रुततो. क्रँकची कॉटर पिन ढिली झाली की पायडल मारताना 'टक' असा आवाज येतो, तो दुर्लक्षित करू नये. पिन किरकोळ किमतीची, झिजलेली क्रँक तशी नाही.

दुसरी जात म्हणजे एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) धाटणीची बिनगिअर सायकल: २६ इंची चाक, १.९५ किंवा २.१० इंची टायर, सरळ हँडल. सहा ते दहा हजार. हिच्यात निवड करताना माझं मत ठाम आहे: पुढे शॉकअप नको, साधा पोलादी फोर्क घ्या. या किमतीतला शॉकअप म्हणजे नळीतली स्प्रिंग. पहिल्या पावसाळ्यात तिच्यात चिखल जातो, दुसऱ्यात ती गंजून एका जागी बसते, आणि दीड-दोन किलो वजन मात्र कायम राहतं. खड्ड्याचं काम जाड टायरला करू द्या. रस्त्याला ४० पीएसआयच्या आसपास हवा, रानात ३० च्या जवळ; अंगठ्याने दाबून टायर जरासा दबला पाहिजे. हवा हातपंपाने भरा. ट्रकच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर क्षणात ट्यूब फोडतो.

२७.५ आणि २९ इंची चाकं आता सर्रास दिसतात. ती वाईट नाहीत. पण औसा किंवा लातूरला न जाता ज्याची ट्यूब किल्लारीत, लामजन्यात, सास्तुरात मिळेल तेच चाक घ्या. घेण्याआधी गावातल्या दुकानात नुसतं विचारून या. तीन दुकानांनी मान हलवली की समजून जा.

ब्रेकबद्दल एवढंच. अॅल्युमिनियमच्या रिमवर व्ही-ब्रेक, हे या किमतीतलं सगळ्यात समजूतदार जोडकाम. रबर झिजलं तर कुठेही मिळतं, डोळ्यांना दिसतं, दहा मिनिटांत बदलता येतं. स्वस्त डिस्कची ताटली टेम्पोत सायकल टाकताना वाकते आणि मग घासतच राहते. तिचे पॅड गावात मिळत नाहीत. दोन्ही ब्रेक स्वतंत्र आणि चालू हवेत. "मागचा आहे की" म्हणणाऱ्याने तेरणा नदीच्या पुलाकडे उतरताना एकदा विचार करावा.

मडगार्डचा पेच जरा वेगळा. शाळेच्या, नोकरीच्या कपड्यांना ते हवंच, पण काळ्या मातीत तेच चाक अडवतं. म्हणून टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं सहज जातील एवढी फट आहे का बघा. मृगाचा पाऊस पडून रान चिबडलं असेल तेव्हा मडगार्ड काढून ठेवा, नाहीतर त्या दिवसांत पाणंद सोडून लांबच्या मुरमाच्या रस्त्याने जा. दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. ओल्या पाणंदीत सायकल घातली की तुमच्या चाकोऱ्या वाळून तशाच राहतात आणि पुढच्या बैलगाडीवाल्याची दोन शब्दांची भेट ठरलेली. उन्हाळ्यात उलटा त्रास: जमीन भेगाळते, आणि अरुंद टायर भेगेत अडकून माणूस कडेला पडतो. इथे १.९५ चा टायर पुन्हा उपयोगी.

काट्यांचं मात्र वेगळंच प्रकरण आहे. बाभळीचा काटा टायर, ट्यूब आणि कधीकधी ट्यूबची दुसरी बाजूही पार करतो. सराटा दिसतसुद्धा नाही आणि हवा हळूहळू जाते. पंक्चर काढलं की टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं टोक शोधा, नाहीतर तेच पंक्चर संध्याकाळी पुन्हा. बोटाला टोचायला नको असेल तर कापसाचा बोळा फिरवा, तो जिथे अडकेल तिथे काटा. जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये घाला. वजन थोडं वाढतं, पंक्चर बरेच कमी होतात. सीटखाली पिशवीत पंक्चरचा संच, पॅच, सोल्युशन, १५ चा पान्हा आणि छोटा पंप ठेवा. रानात पंक्चरवाला येत नसतो.

जुनी सायकल घ्यायची असेल तर दीड-तीन हजारांत चांगली मिळू शकते, पण पाहून घ्या. हँडल धरून पुढचं चाक फिरवा, रिम ब्रेकच्या रबराशी लपकत असेल तर चाकाला आउट आहे. थोडा असेल तर मेस्त्री काढतो, रिमला वीट लागल्यासारखी चेप असेल तर नाही निघत. क्रँक आडवी धरून हलवा. खडखड झाली तर बॉटमचे कप-छर्रे गेलेत, हे दुरुस्त होतं, भाव पाडा. पण हँडलच्या नळीजवळ, जिथे आडवी आणि तिरपी नळी येऊन मिळतात तिथे, रंगाला केसासारखी चीर दिसली तर फुकट दिली तरी घेऊ नका.

घरात गिअरची सायकल डिरेलर तुटून पडलीय का? पुष्कळ घरी असते, कोपऱ्यात, तिच्यावर पोती वाळत घातलेली. तिला बिनगिअर करता येतं. मागची खाच आडवी असेल तर काम सोपं: डिरेलर, केबल, गिअरचं फ्रीव्हील काढायचं, एकच फ्रीव्हील लावायचं, चेन कापून ताणायची. खाच उभी असेल तर चेन ताणणारं वेगळं चाक लागतं, मग खर्चाचा हिशेब मांडून ठरवा. मागे उभं राहून पाहिलं तर पुढचं चक्र आणि मागचं फ्रीव्हील एका सरळ रेषेत दिसलं पाहिजे. वॉशर मागेपुढे करून ते जुळवतात. तिरकी राहिली तर चेन नेमकी चढावर उतरते.

मापाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. सायकलवर दोन्ही पायांत दांडा घेऊन उभं राहिल्यावर दांडा आणि अंग यांत दोन इंचांची फट हवी, रानासाठी तीन. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ झाला पाहिजे. नऊवारी नेसणाऱ्या आईसाठी, धोतरातल्या आजोबांसाठी दांडा खाली झुकलेली लेडीज फ्रेम घ्या. ती बायकांचीच असते हा केवळ दुकानदाराचा समज आहे.

घेतल्यावरची निगा थोडी आहे. चेन मधोमध अर्धा इंच वरखाली हलेल एवढीच ढिली ठेवा. जळकं ऑईल लावू नका, ते धूळ धरतं. फडक्याने पुसून मशीन ऑईलचा एकेक थेंब पुरे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नका, बॉटम आणि हबमधलं ग्रीस धुऊन जातं. आणि उसाचा हंगाम सुरू झाला की दिवस बुडाल्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, मडगार्डला चकाकती पट्टी, आणि ट्रॉली जवळ आली की गुपचूप साइडपट्टीवर उतरायचं. वाट आपली असली तरी ट्रॉलीच्या चालकाला मागचं काही दिसत नसतं.

सुट्टीच्या दिवशी जरा लांब जायचं तर औसा तालुक्यातलीच खरोशाची लेणी आहेत. शेवटचा टेकडीचा चढ एका गिअरवर जड जातो. उतरून ढकला, त्यात लाज कसली. लातूर मात्र चाळीस किलोमीटरच्या पुढे आहे. रोजच्या ये-जा करणाऱ्याने सायकल थांब्यावर लावून एसटी पकडावी. पाठीमागच्या चाकाला आणि फ्रेमला मिळून साखळी-कुलूप लावा. नुसतं चाकाला लावलं तर चाक राहतं आणि सायकल जाते.

खरेदीचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर नेमका कोणता दर लावलाय ते वाचा, बॉटमखाली कोरलेला फ्रेम नंबर बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन मागवलेली अर्धवट जोडलेली येते. जोडणीचे पैसे धरूनच भावाची तुलना करा, आणि जोडताना हँडलचा व चाकांचा प्रत्येक नट मेस्त्रीकडून आवळून घ्या.

आठवी ते बारावीतली मुलगी घरात असेल आणि तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात येत असेल तर शाळेत आधी चौकशी करा. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते, आणि २०२२ मध्ये ती ३५०० वरून ५००० रुपये झाली. मग मुलीला दुकानात सोबत न्या, तिलाच बसवून बघा. "वाढत्या अंगाची आहे, मोठीच घेऊ" म्हणून दोन वर्षं तिचे पाय जमिनीला न टेकणारी सायकल तिच्या गळ्यात मारू नका.